फाईल तपासणीत आहे

कुरकुंभच्या ज्या औषधांच्या कंपनीत मी नोकरीला आहे, तिथं माझं काम एका वाक्यात सांगता येतं: आलेल्या मालावर संशय घेणे. गेटातून ड्रम आत आला की आधी त्याला पिवळं लेबल लागतं, 'तपासणी बाकी'. मग मी त्यातून नमुना काढतो, लॅबला पाठवतो, आणि रिपोर्ट बरोबर आला तर हिरवं लेबल लावून त्यावर सही करतो. त्या सहीशिवाय मोठ्या साहेबांनाही ड्रमचं झाकण उघडता येत नाही. घरात मात्र माझ्या सहीशिवाय सगळंच उघडतं, पण त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही.

त्यामुळे सोमवारी संध्याकाळी आमची मोनाली सहज म्हणाली, "आप्पा, परीक्षेची फाईल आलीय मेलवर, कॉम्प्युटरमधे टाकून घेते," तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

मोनाली संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे आणि सध्या कुरकुंभलाच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला कंत्राटावर जाते. अख्खी शिफ्ट उभं राहून गोळ्यांच्या पाकिटांवर नजर ठेवायची. पुण्याच्या एका कंपनीत तिला आकडेमोडीची, खुर्चीत बसायची नोकरी मिळू शकत होती, पण त्याआधी परीक्षा. मागच्या वेळी परीक्षा पुण्यात होती, आणि आमच्या पाटसच्या पुढं हायवेवर ट्रॅफिक असं तुंबलं की पोरीला बसमधूनच माघारी यावं लागलं. या वेळी परीक्षा घरबसल्या, रविवारी. अट एवढीच, की कंपनीनं पाठवलेला एक प्रोग्राम आधी कॉम्प्युटरमधे बसवायचा. हीही संधी हुकली तर पुढची भरती वर्षानं, आणि तोवर उभी शिफ्ट.

तिनं फाईल दाबली, आणि पडद्यावर निळी पाटी आली. मतितार्थ असा, की ही फाईल ओळखीची नाही, चालवलीत तर धोका होऊ शकतो. आजवर मी कॉम्प्युटरला उगाच नावं ठेवत होतो. त्या क्षणी तो मला आमच्याच खात्यातला माणूस वाटला.

"हात काढ," मी म्हणालो.

"आप्पा, नवीन फाईलला तो असंच म्हणतो."

"नवीन मालाला मीही असंच म्हणतो. म्हणून तर पगार मिळतो."

ऑफिसच्या बॅगेत लेबलांचं पॅड असतंच. मी एक पिवळं लेबल काढलं, त्यावर मालाचं नाव, पुरवठादार आणि तारीख लिहिली आणि पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलं. माझी बायको अनिता स्वयंपाकघरातून बघत होती. "आता भाजीलाबी लावा," एवढंच ती म्हणाली.

शेजारचे पोपटराव तेवढ्यात आलेच. पोपटराव म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले काटा क्लार्क. आयुष्यभर उसाच्या ट्रका मोजल्यामुळे त्यांचा कशाच्याही दिसण्यावर विश्वास नाही. माझा संशय नोकरीपुरता, त्यांचा चोवीस तासांचा.

"साहेब, उघडू नका," ते खुर्ची ओढून म्हणाले. "माझ्या चुलतभावाला मोबाईलवर लग्नाची पत्रिका आली. त्यानं उघडली. लगीन कुनाचं, ते आजून कळलं न्हाई. खातं मात्र रिकामं झालं."

माझा पगार ज्या खात्यात येतो ते याच कॉम्प्युटरवरून उघडतं. मी लेबलाच्या कडा अंगठ्यानं पुन्हा दाबून घेतल्या.

आता प्रश्न तपासणीचा. नमुना कसा घ्यायचा याची आमच्याकडे ठरलेली पद्धत आहे. एकाच जागचा नमुना घेतला तर फसगत होते, वर चांगला माल आणि खाली माती असं निघतं. म्हणून वरचा, मधला आणि तळाचा, असे तीन नमुने काढतात. मी दुसऱ्या दिवशी तीन पेनड्राइव्ह आणले आणि मोनालीला म्हणालो, यात फाईलचे तीन नमुने काढून दे.

"आप्पा, फाईलला तळ नसतो. तिन्हीत तीच फाईल जाणार."

"मग तिन्ही रिपोर्ट सारखे येतील. चांगलंच आहे."

तिनं काढून दिले. एक नमुना माझ्या मेहुण्याला पाठवायचा, एक सरकारी तपासणीला, आणि तिसरा राखीव. राखीव नमुना जपून ठेवावा लागतो, उद्या भांडण झालं तर तोच साक्षीला येतो. तो मी कपाटात अनिताच्या पैठणीच्या घडीत ठेवला. कोरडी आणि थंड जागा घरात तेवढीच होती.

विश्वजीत, म्हणजे अनिताचा धाकटा भाऊ, वडगाव रासाईला असतो. तिथल्या दूध संकलन केंद्राचा कॉम्प्युटर तोच चालवतो, म्हणून आमच्या नात्यात कॉम्प्युटरमधलं शेवटचं मत त्याचं. बुधवारी तो कामासाठी पाटसला आला होता, तेव्हा मी नमुना त्याच्या हाती दिला आणि सांगितलं, सवडीनं तपास, घाई नाही. त्यानं तो त्याच संध्याकाळी, ऐन दुधाच्या वेळेला, संकलन केंद्राच्या कॉम्प्युटरला लावला.

त्याचा फोन आला तेव्हा मागं किटल्यांचा खणखणाट चालला होता.

"दाजी, तुमच्या फाईलनं डेअरीला कुलूप लावलं."

"म्हणजे?"

"म्हंजी पडद्यावर फकस्त एक चौकट हाय. परीक्षा क्रमांक टाका म्हनतंय. काटा दिसंना, फॅट दिसंना, बंद बी व्हईना. म्या माझा मोबाईल नंबर टाकून बघितला, तर म्हनतंय असा उमेदवार न्हाई."

माझ्यातला कंपनीचा माणूस जागा झाला. "कुणी काही हात लावू नका. आहे त्या स्थितीत सगळं होल्ड करा."

"दाजी, दूध हाय ते. होल्ड व्हत न्हाई."

मागून एका बाईचा आवाज आला. ही कस्तुराबाई, हे मला नंतर कळलं. "आरं इश्वजीत, माझ्या म्हशीनं परीक्षेचा फारम भरला न्हाई. माझं दूध मोज आन् मला जाऊ दे."

पुढं काय करावं हे मला सुचेना, विश्वजीतला सुचेना, आणि रांग केंद्राच्या पायरीवरून रस्त्यावर गेली. चेअरमनला फोन गेला. चेअरमननं विचारलं, परीक्षा कसली आहे, आणि संचालकांना बसणं सक्तीचं आहे का. एवढ्यात लाईट गेली. केंद्राच्या बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली, त्यामुळे कॉम्प्युटरही गेला, आणि थोड्या वेळानं लाईट आली तेव्हा तो काहीच न झाल्यासारखा सुरू झाला. लाईट गेली म्हणून वडगावात टाळ्या वाजल्याचं विश्वजीत शपथेवर सांगतो. माझं नाव मात्र तिथं चांगल्या अर्थानं घेतलं जात नाही. सासुरवाडीत मी पंचवीस वर्षांत कमावलेली अब्रू एका पेनड्राइव्हमधे गेली.

हे ऐकून पोपटरावांचा चेहरा उजळला. "बघा. आधी कुलूप लावत्यात, मग किल्लीचं पैसं मागत्यात. पेपरात आलतं."

मोनाली शिफ्टवरून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "आप्पा, कुलूप लावणं हेच त्याचं काम हाय. परीक्षा चालू असताना मुलांनी दुसरीकडं उत्तरं शोधू नयेत म्हणून तो बाकी सगळं बंद करतो."

"चोरसुद्धा हेच म्हणंल," पोपटराव म्हणाले, आणि मला ते पटलं. मोनाली पाय धुऊन आत गेली.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून दौंडला गेलो. अशा तक्रारी घेणारी एक सरकारी कचेरी तिथं आहे असं कळलं होतं. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं फार चांगली आहेत आणि पुढंमागं काम पडू शकतं. टेबलामागच्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमची फसवणूक झाली का?"

"अजून नाही."

"मग झाल्यावर या. लगीच लिहून घेऊ."

"पण होऊ नये म्हणून आलोय."

साहेब विचारात पडले. असा अर्जदार त्यांच्याकडे बहुधा आला नसावा. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला, तसे ते खुर्चीसकट मागं सरकले. "ते इथं लावत न्हाईत. व्हायरस असतोय. तुम्ही असं करा, त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडा."

प्रोग्रामची प्रिंट निघते का, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही पडला नाही. अर्जाला काहीतरी जोडायचं असतं, एवढं आम्हा दोघांनाही पाठ होतं. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं फाईल कशानं तरी उघडली आणि छापायला लावली. मशीनमधून चौकोन, त्रिकोण, टोप्या घातलेली अक्षरं आणि देवळावर कोरावी तशी चित्रं असे कागद बाहेर पडायला लागले. ते थांबायचं नाव घेईनात. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, अजून सुरुवात हाय. याचं लय मोठं पुस्तक होईल." शेवटी त्यानं मशीनची वायर उपटली. इथंही वीज तोडूनच सुटका झाली, आणि फाईलविषयीचं माझं मत आणखी वाईट झालं.

ते बाड घेऊन मी कचेरीत परत गेलो तर जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टीनंतर साहेब बाहेरगावी गेले होते.

संध्याकाळी पोपटरावांनी चष्मा लावून एकेक पान तपासलं. ओटीवर बसून, जीभ बोटाला लावून, अगदी पोथी वाचावी तसं. चौथ्या-पाचव्या पानावर ते थांबले.

"साहेब, ही चिनी हाय."

मी पाहिलं. खरंच, टोप्यांच्या गर्दीत दोनतीन अक्षरं चिनी दिसत होती. पाटसच्या माझ्या घरात, मुलीच्या परीक्षेच्या नावाखाली चीन शिरला होता. मी तोंडावरून हात फिरवला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

शनिवारी मोनाली पहिली शिफ्ट करून आली. नेहमी ती आधी आईशी बोलते. त्या दिवशी सरळ माझ्यासमोर येऊन बसली. पावलं सुजली होती, चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटले होते.

"आप्पा, ड्रम तुम्ही किती दिवस ठेवता?"

"रिपोर्ट येईपर्यंत."

"आणि रिपोर्ट येणारच नसेल तर?"

"असं कसं? मी तीन ठिकाणी..."

"तुम्ही मामाला विचारलं. दौंडला विचारलं. पोपटकाकांना रोज विचारता. झेरॉक्सवाल्यालासुद्धा विचारलं असेल." ती रागावलेली नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. "मला नाही विचारलं. उद्या परीक्षा हाय, आप्पा."

खरंच विचारलं नव्हतं. तीन वर्षं ती जे शिकली त्याची फी मी भरली होती, पण त्याचा घराला काही उपयोग होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं, सांग. तू कशी तपासशील?"

ती उठून कॉम्प्युटरपाशी बसली, तोवर पोपटरावही येऊन टेकले. आधी तिनं आलेली मेल दाखवली. तिच्यात तळाशी लिहिलं होतं, की फाईलबद्दल शंका असेल तर आमचा तपासणी प्रोग्राम इथून घ्या. म्हणजे फाईल तपासायला दुसरी फाईल. मामाची ओळख काकानं द्यायची आणि काकाची मामानं. "हे घ्यायचं नाही," मोनाली म्हणाली. "मेलमधला नंबरसुद्धा लावायचा नाही. मेलच खोटी असेल तर नंबरही खोटाच असणार." मी आणि पोपटरावांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगी आमच्याहून संशयी होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तिनं कंपनीच्या वेबसाईटचा पत्ता स्वतः टाकला, तिथला नंबर काढला आणि फोन लावला. बराच वेळ सनई वाजली. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई पुन्हापुन्हा सांगत होती, आणि पोपटराव दर वेळी "खोटं हाय" म्हणत होते. शेवटी कुणीतरी बोललं. मेल आमचीच आहे, म्हणाले, आणि फाईलचा ठसा वेबसाईटवर दिलाय, तो जुळवून बघा.

ठसा म्हणजे काय, ते मोनालीनं समजावलं. प्रत्येक फाईलपासून अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ निघते. फाईलमधे कुणी टाचणीएवढा जरी बदल केला तरी अख्खी ओळ बदलते. कंपनीची ओळ आणि आपल्या फाईलची ओळ एक निघाली, तर रस्त्यात कुणी भेसळ केलेली नाही. मला हे इतकं आवडलं की काय सांगू. आमच्या ड्रमला असा ठसा असता तर मी केव्हाच रिकामा बसलो असतो.

ओळ आमच्या पद्धतीनं जुळवायची, असा मी आग्रह धरला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची, तिसऱ्यानं साक्षीला बसायचं. अनिता हात पुसत आली आणि वाचायला लागली. "पाच. सी. परत सी. नऊ." पोपटराव काट्यावरच्या सवयीनं प्रत्येक आकडा दोनदा मोठ्यानं म्हणत. मधेच अनिताला दुधाचा वास आला आणि ती उठली, तर मी पहिल्यापासून सुरू करायला लावलं. दूध उतू गेलं. ओळ मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली.

मग मोनालीनं फाईल आणखी एका साईटवर टाकली. तिथं व्हायरस शोधणारे सत्तरेक तपासनीस प्रोग्राम एकाच वेळी फाईल बघतात आणि आपापलं मत देतात. सगळे हिरवे आले. एक लाल. त्या एकाच्या मते फाईल धोकादायक होती.

"एक टेस्ट जरी नापास झाली तरी आमच्याकडे माल परत जातो," मी हळूच म्हणालो. मोनालीचा चेहरा पडला. ती काही बोलणार तेवढ्यात अनिता बोलली.

"आवं, आपल्या लग्नात समद्यांनी तुमास्नी चांगलं म्हटलं हुतं. यकटी माझी आत्या म्हनली, मानूस संशयी दिसतोय. म्या लगीन केलं का न्हाई?"

"पन आत्याचं बरूबर निघालं की," पोपटराव म्हणाले.

यावर घरात जे हसू झालं त्यात मोनालीही होती, आणि ते बघून मी बॅगेतून हिरवं लेबल काढलं. सही करण्याआधी लेबलावरचं नाव दोनदा वाचलं. ड्रम बिघडला तर औषध बिघडतं. इथं माझी पोरगी होती.

रविवारी सकाळी मोनाली आतल्या खोलीत बसली. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद, असा नियम. फाईल उघडली, काही पेटलं नाही, खातं जागेवर राहिलं. मी ओटीवर पेपर उघडून बसलो. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते: गेटावर पास झालेला माल मधेच बिघडू शकतो. म्हणून काम चालू असतानाही अधूनमधून जाऊन बघायचं असतं. त्या खोलीची एक खिडकी मागच्या बोळात उघडते. ती जरा उंच आहे. मी बादली पालथी घातली आणि वर चढलो.

मला फक्त पडदा दिसायला हवा होता. तो दिसला, आणि त्याच क्षणी त्याच्यावर लाल पट्टी आली. कॅमेऱ्यातून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या एका बाईचा आवाज कॉम्प्युटरमधून आला. "मॅम, आपके पीछे खिड़की में कोई अनजान आदमी है. पेपर रोकना पड़ेगा."

आठवडाभर जी परीक्षा मी अडवून धरली होती, ती आता माझ्याच तोंडामुळे बंद पडली होती. मोनालीनं वळून पाहिलं. मी गजांना धरून उभा होतो. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"इनका पहचान पत्र दिखाइए."

मी शर्टाच्या खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि गजांतून कॅमेऱ्यासमोर धरलं. बाईंनी मला चेहरा डावीकडे वळवायला लावला, मग उजवीकडे. बादली डुगडुगत होती. कुठल्यातरी शहरात बसलेली एक अनोळखी बाई मला सगळ्या बाजूंनी तपासत होती आणि मी हूं की चूं न करता तपासून घेत होतो.

"आप इनको जानती हैं?"

मोनालीनं उत्तर द्यायला मला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. "हां जी. मेरे पिताजी हैं. थोड़े शक्की हैं, लेकिन सेफ हैं."

बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "ठीक है. उनको बोलिए हट जाएं. आपका टाइम चालू करती हूं."

"आप्पा, जा आता," मोनाली म्हणाली. "मी करते."

तिनं केलंही. पंधरवड्यानं निकाल आला, आता ती पुण्याला जाते आणि दिवसभर खुर्चीत बसते. पण ते नंतरचं. त्या वेळी मी बादलीवरून उतरलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि बोळाच्या तोंडाशी पोपटराव उभे होते.

"काय झालं, साहेब? काय म्हनत्यात आत?"

"पोरगी म्हणाली, मी सेफ हाय."

पोपटरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोरीच्या बोलन्यावर जाऊ नका. आनखी दोघातिघांना इचारून घ्या."

मी बादली उचलली आणि घरात आलो. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.